मार्च एंड आणि माऊली

प्रश्न: ताई, मी ठाण्याला एका बँकेत लोन डिपार्टमेंटला आहे. टार्गेटपायी सगळे एकमेकांच्या मुळावर उठलेत, मागच्या महिन्यात शेजारच्या टेबलवाल्याने माझा कस्टमर सरळ स्वतःच्या नावावर लावला. सकाळी नामस्मरण करते आणि दिवसभर मनात नुसता जळफळाट. चांगलं वागणं म्हणजे मूर्खपणा आहे का?

उत्तर: नाही गं, अजिबात नाही. पण चांगुलपणा म्हणजे सगळं गिळणं पण नाही हं. आधी त्याच्याशीच चहावर बोल, नाही ऐकलं तर साहेबांना मेल टाक, त्यात फक्त तारखा आणि केलेले फोन लिही, त्याच्या स्वभावाबद्दल एक शब्द नको.

आणि देवघर सकाळी, ऑफिस नंतर अशी वाटणीच करू नकोस. अरणचे सावता माळी बघ ना, तेराव्या शतकातले, मळ्यात राबता राबता तिथल्या भाजीतच त्यांना विठ्ठल दिसला. तुझा मळा म्हणजे ते लोनचे फॉर्म, समोर कागदांची पिशवी छातीशी धरून बसलेले काका, त्यांना पाणी विचारणं, ईएमआय नीट समजावणं, न झेपणारं लोन गळ्यात न मारणं, टार्गेट थोडं हुकलं तरी.

वारीत लोक ओळख नसताना, वय न बघता एकमेकांच्या पाया पडतात, माऊली म्हणतात. त्या टेबलवाल्याला मनातल्या मनात एकदा माऊली म्हणून बघ, पहिले चार दिवस जड जाईल, मलाही गेलं होतं. मेल मात्र टाकच.