रोज सहा तास, पण कशाचे?

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा आहे, सहावीत. क्रिकेटचं वेड आहे आणि फलंदाजी चांगली करतो. अकादमीवाले म्हणतात, पुढे जायचं तर दहा हजार तास भरायला हवेत. रोज सहा तास द्या, फुटबॉल-बॅडमिंटन बंद करा, शाळाही हजेरीची सक्ती नसलेली बघा. काय करावं? – एक पालक, कराड

उत्तर : नमस्कार. शाळा बदलू नका. बाकीचं सविस्तर सांगतो.

त्या दहा हजार तासांचं मूळ क्रिकेटमध्ये नाहीच. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांनी 1993 मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या सर्वोत्तम गटाची विसाव्या वर्षापर्यंतची ती सरासरी होती. म्हणजे त्या गटातल्याही अनेकांचे तास कमीच भरले होते. एरिक्सन यांचा भर होता तो रियाज कसा करायचा यावर: नेमकी एक उणीव धरायची, जमत नाही तिथेच झटायचं आणि चूक लगेच दाखवणारा गुरू समोर हवा. असा सराव मन थकवतो. अकरा वर्षांच्या पोराला तो रोज सहा तास झेपणार नाही. उरलेल्या वेळात तो नुसताच चेंडू बडवेल.

आता फलंदाजीचंच बघा. ताशी 140 किलोमीटरचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटल्यावर जेमतेम अर्ध्या सेकंदात फलंदाजापाशी येतो. पाहून, ठरवून, मग बॅट फिरवायला तेवढा वेळ पुरत नाही. मुरलेला फलंदाज गोलंदाजाचा हात आणि मनगट आधीच वाचत असतो. चेंडू सुटायच्या क्षणी व्हिडिओ थांबवून ‘आता कुठे पडेल?’ असं विचारलं, तर जाणकार खेळाडू नवख्यांपेक्षा बरोबर सांगतात. असे प्रयोग क्रिकेट, बॅडमिंटन, स्क्वॉशमध्ये झाले आहेत. नजर उपजतच तेज असते, असा आपला समज. खरं तर हजारो गोलंदाज बघून बघून ती घडते. म्हणून अकादमीत बॉलिंग मशीनवरच भर असेल, तर मला ते खटकतं. एखादा फटका घोटायला मशीन ठीक, पण त्याला मनगट कुठे असतं?

घरचा एक प्रयोग सांगतो. मुलाला फलंदाजाच्या मागे, जाळीबाहेर सुरक्षित उभं करा. समोरून गोलंदाज धावत येईल. चेंडू सुटताच, टप्पा पडायच्या आत मुलानं ओरडायचं, ‘पुढे’ (टप्पा फलंदाजाजवळ) किंवा ‘आखूड’ (टप्पा त्याच्यापासून लांब). दहापैकी किती बरोबर आले, ते वहीत टिपा. पंधरा मिनिटं पुरे.

आचरेकर सरांची एक रुपयाच्या नाण्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. सचिन दमला की सर स्टंपवर नाणं ठेवायचे. जो बाद करेल त्याचं नाणं. सत्र संपेपर्यंत नाबाद राहिला तर सचिनचं. लोक त्यातली जिद्द सांगतात. मला त्यातली आखणी दिसते: अंगात त्राण नसताना, काहीतरी पणाला लावून, एकही चूक न करता खेळायचं. तुमच्या सरांना एकच विचारा, ‘या महिन्यात माझ्या मुलाची कोणती चूक दुरुस्त करताय?’ उत्तर ‘टेक्निक’ असं मोघम आलं, तर अकादमी बदला.

फुटबॉल, बॅडमिंटन चालू द्या. पायांची हालचाल आणि अंदाज तिथूनही येतो, आणि एकाच खेळाच्या अतिरेकानं लहान वयात होणाऱ्या दुखापतीही टळतात. उशिरा सुरुवात करूनही पुढे जाता येतं: बीडचे अविनाश साबळे सैन्यात दाखल झाल्यानंतर शर्यतींकडे वळले आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या लांब शर्यतीत) रौप्य जिंकलं. प्रत्येक खेळाचं वय वेगळं असतं हे खरं, जिम्नॅस्टिक्सला इतकी वाट पाहता येत नाही. पण क्रिकेटचा पक्का निर्णय चौदा-पंधराव्या वर्षी घेतला तरी चालतो. तोवर आठवड्यात चार दिवस, दीड-दीड तास.

आणि हो, ‘वाढत्या अंगाला पुरेल’ म्हणून मोठी, जड बॅट घेऊ नका. ती उचलताना खालचा हात ओढतो, सरळ फटका आडवा होतो, आणि ही सवय मोडायला पुढे दोन वर्षं जातात.