कादंबरीची जुळवाजुळव करायला डिजिटल व्हाइटबोर्ड खरंच कामाचा आहे का?

आमच्याकडे जळगाव जिल्ह्यात, रावेर-सावद्याच्या केळीच्या पट्ट्यात "आज बोर्ड काय?" असं कोणी विचारलं तर तो केळीचा भाव विचारत असतो, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून आधी हसूच आलं. तुम्ही विचारलंय की कादंबरी लिहिताना पात्रं, घटना, वर्षं सगळं डोक्यात गुंततं, तर मिरो-बिरोसारखे डिजिटल व्हाइटबोर्ड (म्हणजे स्क्रीनवरचा फळा, त्यावर चिठ्ठ्या लावायच्या आणि बाण काढायचे) वापरून काही फरक पडतो का, की नुसता टाइमपास. दोन्ही आहे. मी दोन वर्षं वापरतोय, त्यातले पहिले दोन महिने निव्वळ टाइमपासच केला, ते पुढे सांगतो.

माझं कृषी केंद्राचं दुकान आहे आणि एका केळीवाल्या घराच्या तीन पिढ्यांवर कादंबरी लिहितोय (किती वर्षांपासून ते विचारू नका). आधी जुन्या बिलबुकांच्या पाठकोऱ्या बाजूवर एकेक प्रसंग लिहून गोडाऊनच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावायचो. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की चिठ्ठ्या खाली, एकदा अख्खं तिसरं प्रकरण युरियाच्या गोण्यांमागे सापडलं. पण खरी अडचण ओलीची नव्हती, एक चिठ्ठी हलवली की तिच्याभोवती खडूने काढलेल्या सगळ्या रेघा पुसून परत काढाव्या लागायच्या, म्हणून मी हलवायचंच टाळायचो, म्हणजे जिथे आधी चिकटली तीच कथा. बोर्डवर स्टिकी नोट ओढून कुठेही न्या, तिला जोडलेला बाण तिच्यासोबत जातो. एवढी एकच गोष्ट असती तरी मी भिंत सोडली असती.

आता मुद्द्याचं. बहुतेक लोक बोर्डवर मधे नायकाचं नाव टाकतात आणि चहुबाजूंनी आई, बाप, मित्र, शत्रू असे फाटे काढतात, ते दिसायला छान दिसतं पण त्याने लिहायला काहीच मिळत नाही कारण ते तुम्हाला आधीच माहीत असतं. मी बाणाचा अर्थ एकच ठेवला, "ह्याच्यामुळे ते झालं". नुसता संबंध आहे म्हणून बाण काढायचा नाही. असं करून बघितलं तर ४० नोटांपैकी ११ नोटा अशा निघाल्या की त्यांच्यात बाण येत नाही आणि त्यांच्यातून निघतही नाही, त्यात माझा लाडका भरीत पार्टीचा प्रसंगपण होता. तो उडवला नाही, पण भावांची वाटणी तिथेच निघते असं केलं, वांगी भाजली जाताहेत आणि बांधाची गोष्ट निघाली, मग आपोआप बाण निघाला.

दुसरं म्हणजे जिजी. ही कादंबरीतली थोरली सून, माझ्या मते सगळ्यात भारी पात्र. झूम आउट करून लांबून बघितलं तर सगळे बाण तिच्याकडे येताहेत, तिच्यातून एकही बाहेर जात नाही. सगळं तिला होतंय, ती स्वतः काही करतच नाही. दोनशे पानं लिहून झाली होती आणि मला हे दिसलं नव्हतं, वाचताना दिसत नाही कारण वाक्य चांगलं असलं की माणूस पुढे सरकतो. मग आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा, तेव्हा आमच्याकडे सुना माहेरी जातात) प्रसंग बदलला. आधी तिला माहेरी पाठवत नाहीत आणि ती रडते असं होतं, आता ती न विचारता सकाळच्या एसटीने निघून जाते, आणि घरात जे व्हायचं ते तिच्या जाण्यामुळे होतं.

तिसरा उपयोग वर्षांचा. बोर्डच्या वरच्या बाजूला एक आडवी पट्टी काढा, त्यावर फक्त खरी वर्षं टाका, आणि प्रसंग त्या-त्या वर्षाखाली आणून ठेवा. माझ्याकडे १९५२ च्या प्रकरणात एक दस्त होता त्यावर "जिल्हा जळगाव" लिहिलं होतं, आता १९६० पर्यंत आपला जिल्हा पूर्व खान्देश होता हे मला काय माहीत नव्हतं का? माहीत होतं, तरी लिहिलं. त्याहून वाईट म्हणजे १९७२ च्या दुष्काळात माझा म्हातारा ठिबकच्या नळ्या दुरुस्त करत होता, आणि बागेत प्रयोगशाळेत वाढवलेली टिश्यूची रोपं, दोन्ही नंतर आलेल्या गोष्टी! तेव्हा बसराई ही केळीची जुनी जात लावायचे लोक, पाटाचं किंवा विहिरीचं पाणी. दुकानात दिवसभर ठिबकच विकतो ना, तेच हातातून उतरलं.

टाइमपासचं आता सांगतो. रंग. पात्राला एक रंग, गावाला एक, काळाला एक, मग वाटलं रागाच्या प्रसंगांना लाल, असं करत दोन महिन्यांत एक ओळ लिहिली नाही आणि रोज रात्री वाटायचं की आज काम झालं. आता फक्त दोन रंग ठेवलेत, लिहून झालेलं पिवळं आणि न झालेलं पांढरं.

अॅप कोणतं घ्यायचं ह्यावर फार डोकं लावू नका. मिरोच्या फुकट प्लॅनमध्ये ३ बोर्ड एडिट करता येतात, एका कादंबरीला एकच बोर्ड लागतो. एक्सकॅलिड्रॉ खात्याशिवाय ब्राउझरमध्येच उघडतो, साधा आहे, पण खातं नाही म्हणजे तुमचं काम त्या ब्राउझरमध्येच पडलेलं असतं, मधून मधून फाइल सेव्ह करून ठेवा. असल्याच एका बिनखात्याच्या बोर्डावर माझं महिनाभराचं काम होतं आणि भाच्याने "मामा, लॅपटॉप स्लो झालाय" म्हणून ब्राउझर साफ करून दिला. त्याची चूक नाही, फाइल मी ठेवली नव्हती. नेट नसलं तरी चालायला हवं असेल तर ऑब्सिडियन ह्या नोंदी ठेवायच्या अॅपमधला कॅनव्हास बघा, फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर राहते, आमच्याकडे लाइट गेली की नेटपण जातं म्हणून मी आता तेच वापरतो. आणि मोठ्या कंपनीचं आहे म्हणून कायम राहील असं धरू नका, गूगलचा जॅमबोर्ड ३१ डिसेंबर २०२४ ला बंदच झाला. महिन्यातून एकदा पीडीएफ नाही तर फोटो काढून ठेवायचा. मोबाईलवर अख्खा बोर्ड सांभाळायच्या फंदात पडू नका, बोटाने एक नोट हलवायला जावं तर तीन हलतात.

बोलून टाइप करत असाल तर अजून एक गंमत. माझ्या कादंबरीतली एक सून धुळ्याकडची आहे, अहिराणी बोलते. "कथा जाई ऱ्हायना" म्हणजे कुठे चाललाय, असं मोबाईलला सांगितलं तर त्याने कथा तेवढी बरोबर पकडली आणि पुढचं सगळं मराठी करून टाकलं. बोलीतले संवाद हातानेच टाइप करा.

आणि हो, मिरोवर बोर्ड नुसता बघता येईल अशी लिंक पाठवता येते, ती घरातल्या एखाद्या जुन्या माणसाला नक्की पाठवा. मी मिरोवर होतो तेव्हा कोपऱ्यात वाड्याचा नकाशा काढला होता, ओटा, मधलं घर, गोठा, विहीर, आणि लिंक आत्याच्या सुनेच्या मोबाईलवर पाठवली. आत्याने कथेबद्दल एक अक्षर विचारलं नाही, फक्त फोन करून म्हणाली, "अरे, विहीर गोठ्यामागे होती, ओट्याजवळ कुठून आणली तू?" बरोबर आहे तिचं. पण नवव्या प्रकरणात जिजी पाणी शेंदता शेंदता ओट्यावरचं सगळं बोलणं ऐकते, त्यामुळे विहीर अजून मी हलवलेली नाही.