दिवाणखाना नंतर, आधी कचेरी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. सासरची सगळी मंडळी कॅनडाहून आयर्लंडला येणार, रॉसकॉमन काउंटीतल्या स्ट्रोक्सटाउन पार्कच्या वाड्यात जमणार, आणि वंशवृक्ष मांडायचं काम सुनेच्या गळ्यात, हे वाचून हसू आलं. आपल्याकडे कुलवृत्तांत नेहमी एखाद्या निवृत्त काकांच्या वाट्याला येतो! पण तू हो म्हणालीस ते बरं केलंस. बाहेरून आलेल्या माणसाला भाबडे प्रश्न विचारायची मुभा असते.

पहिली गोष्ट वाड्याचीच. तो बघून मंडळी हुरळून जातील. अठराव्या शतकातली महॉन घराण्याची भव्य वास्तू आहे, झुंबरं, तसबिरी, सगळं जागच्या जागी. स्वयंपाकघराला वरून सज्जा आहे. मालकीणबाई सोमवारी तिथूनच आठवड्याच्या जेवणाची यादी खाली आचाऱ्याकडे टाकायच्या, असं सांगतात. नोकरांची ये-जा पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून जमिनीखालून भुयार आहे. जेवताना कुणीतरी विचारणारच, या तसबिरींतले आपले पणजोबा कुठले? सासऱ्यांनी सांगितलंय त्यावरून तुमची माणसं या इस्टेटीवरची कुळं होती. तेव्हा तसबिरींत ती सापडायची नाहीत, आणि हे पहिल्याच संध्याकाळी हसतखेळत सांगून टाक. विमानतळावरच्या दुकानात आडनावाची ढाल-तलवार छापलेले मग मिळतात, ते कुणी वाटू लागलं तर वाटू दे. वंशवृक्षावर मात्र ते चिन्ह चिकटवू नकोस.

मग या वाड्यात जमायचं कशाला? कागदांसाठी. १९७९ साली गावातल्या एका गॅरेजवाल्याने, जिम कॅलरी त्यांचं नाव, ही मालमत्ता विकत घेतली. आतली जुनी कागदपत्रं चाळताना त्यांच्या हाती क्लूनाही गावच्या कुळांचा ऑगस्ट १८४६ चा अर्ज लागला. बटाट्याचं पीक कुजलेलं, घरात पोरं भुकेनं रडतायत, काम द्या, अशी ती विनवणी. त्या एका कागदाने गृहस्थाचा बेत बदलला; वाडा राखला गेला आणि १९९४ साली तिथे राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय उघडलं. धन्याच्या दप्तरात कुळांची नावं राहिली ती खंडवसुलीच्या हिशेबापायी. पण राहिली. या इस्टेटीचे कागद डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयातही आहेत. संमेलनाच्या आधी एक दिवस तिथे काढ.

कारण आयर्लंडात सरकारी दप्तर फारसं हाती लागत नाही. १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं अभिलेखागार स्फोटात जळालं आणि १८२१ ते १८५१ च्या शिरगणत्या जवळपास सगळ्या गेल्या. पुढच्या चार सरकारनेच नष्ट केल्या होत्या. पूर्ण अशा उरल्या त्या १९०१ आणि १९११ च्या. त्यांतल्या वयांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. १९०१ साली साठीचा असलेला म्हातारा १९११ ला पंचाहत्तरीचा झालेला दिसेल. मध्ये सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झाली होती, आणि सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ पासूनची. पेन्शनच्या दारात उभ्या म्हाताऱ्याकडे जन्माचा दाखला कुठला असणार? माझी या मंडळींबद्दल तक्रार नाही.

ग्रिफिथ यांची जमीन-घरांची कर-आकारणी, कुळांच्या नावांसकट, १८४७ ते १८६४ मधली. सगळे आधी तिकडेच धावतात. तुमचं कुटुंब १८४७ लाच निघालं असेल तर त्यात ते दिसणार नाही, आणि मंडळींना वाटेल घरातली कथाच खोटी. त्याआधीच्या, १८२३ ते १८३७ च्या चर्चकराच्या वह्या बघ. आडनावापेक्षा टाउनलँड पक्की कर, म्हणजे ती गावाहून लहान वस्ती किंवा शिवार. एकाच आडनावाची वीस घरं असतात. शिवार कळलं की दोन-तीन उरतात. कॅथलिक बाप्तिस्म्याच्या वह्या ग्रंथालयाने २०१५ पासून फुकट ऑनलाइन ठेवल्यात. बाळाच्या नावापुढे दोन साक्षीदार लिहिलेले असतात. ते नुसते उतरवून सोडू नकोस. बहुतेकदा ती मावशी नाहीतर काका निघतात, आणि आईच्या माहेरचा धागा तिथेच सापडतो.

१८४७ बद्दल नीट बोलावं लागेल. त्या वर्षी इस्टेटीच्या धन्याने, डेनिस महॉनने, कुळांतल्या १,४९० माणसांना जमिनीवरून उठवून कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत चालत धाडलं. तिथून लिव्हरपूल, मग क्वेबेकची जहाजं. त्यांतली निम्म्याच्या आसपास माणसं दगावली. 'नाओमी' जहाजावरच्या टाय कुटुंबातली डॅनियल आणि कॅथरिन ही दोन भावंडं वाचली आणि क्वेबेकमधल्या एका फ्रेंच कुटुंबाने त्यांना सांभाळलं, मूळ आडनावासकट. २०१३ साली डॅनियलचे वंशज या वाड्यात येऊन गेले. तुमच्या झाडावरही अशी दत्तक फांदी असली तर ती तुटक रेघेने दाखवू नकोस. ज्यांनी पोराला जेवू घातलं ते त्याच झाडावर हवेत.

त्याच नोव्हेंबरात महॉनला गोळी घालून मारलं. या विषयावर जेवणाच्या टेबलावर दोन तट पडतील. पडू देत, तू पंच होऊ नकोस. फक्त ज्येष्ठांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून घे. त्यांना आधी विचारायचं आणि झाड नंतर दाखवायचं. एकदा भिंतीवर छापील नाव दिसलं की माणसं स्वतःचं आठवणं सोडून देतात. खात्री नसलेलं नाव पेन्सिलीनेच लिही, कोणी कितीही आग्रह धरला तरी.

वाड्यात एक दिवस पुरे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना शिवारात ने. तिथे बहुधा नुसतं कुरण असेल, दगडाच्या चार ओळी असल्या तर नशीब. जमीन आज कुणाची ते आधी विचारून परवानगी घे, आणि सासूबाईंना रबरी बूट घालायला सांग.

बाप्तिस्म्याच्या वह्यांतलं लॅटिन अडलं तर फोटो काढून पाठव. जेकोबस म्हणजे जेम्स, एवढ्यावर निम्मं काम होतं. उरलेलं मी बघतो.

तुझा,
काका