जवाचे दोन वाण शेजारी पेरून नवा वाण मिळतो का?

प्रश्न : भरपूर फुटव्यांचा दोन ओळींचा (ओंबीत दाण्यांच्या दोनच ओळी असलेला) जव आणि भरगच्च ओंबीचा सहा ओळींचा जव शेजारी पेरले तर दोन्हींचे गुण एकत्र येतील का? मोठ्या ओंब्या निवडून दरवर्षी बियाण्याला ठेवल्या तर उत्पादन वाढेल का?

उत्तर : शेजारी पेरून काहीच साधणार नाही. जव स्वपरागी आहे, म्हणजे फुलाचे परागण त्याच फुलातल्या परागाने होते. ओंबी पोटरीतून पुरती बाहेर पडण्याआधीच बहुतेक फुलांत परागण उरकलेले असते.

मोठ्या ओंब्यांचे म्हणाल, तर आधी बियाणे कोणते ते पाहा. शुद्ध सुधारित वाणातली सगळी झाडे जनुकीयदृष्ट्या जवळपास सारखी असतात. त्यातली एखादी ओंबी मोठी दिसते ती मोकळी जागा, बांधाकडेची ओल किंवा जास्त खत मिळाल्यामुळे. हा फरक बियात उतरत नाही, म्हणून तिथे निवडीचे कष्ट वाया जातात. पिढ्यान्‌पिढ्या राखलेला देशी जव मात्र अनेक वंशांचे मिश्रण असतो आणि त्यात निवड खरोखर फळते.

अशा शेताच्या आतल्या भागातून, कडेच्या ओळी सोडून, निरोगी झाडांच्या १०० ते २०० ओंब्या घ्या. त्या मिसळू नका. प्रत्येकीची मळणी वेगळी करा आणि पुढच्या हंगामात एका ओंबीचे बी एकाच ओळीत पेरा. दर दहा ओळींनंतर तुलनेसाठी नेहमीच्या वाणाची एक ओळ हवी. लोळणाऱ्या, रोगट, असमान पक्व होणाऱ्या ओळी काढून टाका. उरलेल्यांची पुढच्या वर्षी छोट्या वाफ्यांत, किमान तीन जागी पुनरावृत्ती करून तुलना करा. एकाच वाफ्यातले वजन जमिनीचा कस सांगते, वाणाचा नाही. ज्या शेतात काजळी (काणी) दिसली तिथल्या ओंब्या घेऊ नका. ही बुरशी फुलोऱ्यात शिरून दाण्याच्या आत राहते आणि लक्षणे पुढच्या पिकातच दिसतात.

खरा संकर हाताने करावा लागतो. कुसळांची टोके नुकतीच डोकावतात तेव्हा, परागकोश हिरवे असतानाच, मादी ओंबीच्या प्रत्येक फुलातले तिन्ही परागकोश चिमट्याने काढतात. सहा ओळींच्या ओंबीत बाजूची फुले छाटून मधलीच ठेवतात. मग ओंबी पिशवीने झाकतात आणि दोन-चार दिवसांनी दुसऱ्या वाणाचे पिवळे, फुटायला आलेले परागकोश आत घासतात. परागकोश पिवळे पडल्यावर काढायला घेतले, तर स्वपरागण आधीच झालेले असते आणि संकर फसतो.

दोन ओळींचा गुण प्रभावी असल्यामुळे संकराची पहिली पिढी बहुधा दोन ओळींचीच दिसते. दुसऱ्या पिढीत साधारण चारातले एक झाड सहा ओळींचे निघते. या टप्प्यावर उंची, पक्वता आणि रोग यांवरून निवडा, उत्पादनावरून नको. एकट्या झाडाचे वजन फसवे असते. प्रत्येक स्वपरागणाने मिश्रता (एकाच झाडात दोन्ही वाणांची वेगवेगळी जनुके जोडीने असणे) निम्मी होते, म्हणून पाचव्या-सहाव्या पिढीपर्यंत थांबून मगच वाफ्यात उत्पादन मोजावे. आणि एक लक्षात ठेवा : ओंबीत दाणे वाढले की बरेचदा फुटवे कमी होतात किंवा दाणा हलका पडतो. दोन्ही गुण बेरजेने मिळतील अशी अपेक्षा नको.

कमी उत्पादनाचे जुने वाण टाकून देऊ नका, हे आग्रहाने सांगतो. भुरीविरुद्ध दीर्घकाळ टिकलेले ‘एम्‌एल्‌ओ’ जनुक इथिओपियाच्या देशी जवात सापडले आणि युरोपातल्या अनेक वाणांत गेले. जंगली जवातही दुष्काळ व रोग सोसणारी जनुके आहेत. पण त्याची ओंबी पिकताच सांध्यांतून तुटते आणि दाणे गळून पडतात. त्यामुळे संकर पुन्हा पुन्हा सुधारित वाणाशी करून हा दोष घालवावा लागतो. हे काम संशोधन केंद्राचे. तुम्ही देशी बियाणे नीट सुकवून हवाबंद डब्यात ठेवा, त्यावर गाव, वर्ष आणि वाणाचे स्थानिक नाव लिहा आणि एक नमुना जनुकपेढीला (बियाणे जपून ठेवणाऱ्या संस्थेला) द्या.