वाचक विचारतात: मोबाईलवरची पिक्सेल आर्ट

प्रश्न: मोबाईलवर ३२ × ३२ चौकोनांत संत्रं काढलं. ॲपमध्ये लख्ख दिसतं, इन्स्टाग्रामवर टाकलं की कडा पुसट होतात. फोन जुना आहे म्हणून का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: फोनचा दोष नाही. एवढंसं चित्र तसंच टाकलं की ते ताणलं जातं आणि ताणताना दोन रंगांच्या सीमेवर मधलेच रंग भरले जातात. म्हणून चित्र आपणच मोठं करून टाकायचं, तेही पूर्ण पटीत. इन्स्टाग्रामच्या १०८० पिक्सेल (ठिपके) रुंदीसाठी ३२ ने भागलं तर ३३.७५ येतात, म्हणजे काही चौकोन ३३ चे, काही ३४ चे. त्याऐवजी ३२ पट करा: १०२४ होतात, चारही बाजूंना २८ पिक्सेलांचा समास सोडा. नवीन चित्र असेल तर सुरुवातच ३६ × ३६ ने करा. ३० पटीत बरोबर १०८०.

मोठं करताना ‘नीअरेस्ट नेबर’ (मधले रंग न भरता ठिपका तसाच मोठा करणारा) पर्याय निवडा आणि फाईल पीएनजी प्रकारात ठेवा; जेपीजीत कडांभोवती मळकट ठिपके उठतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीनशॉट काढून पाठवणं तर नकोच.

प्रश्न: गोल काढला की कातरलेल्या सुपारीसारखा दिसतो. शिवाय बोटाखाली काय चाललंय तेच कळत नाही.
— एक वाचक, सक्करदरा

उत्तर: गोल हाताने फिरवू नका, ओळी मोजा. १६ व्यासाच्या गोलात वरून ६, १०, १२, १४, १४, मग १६ च्या सहा ओळी आणि खाली तेच उलट. आपलं संत्रं किंचित चपटं, तेव्हा मधल्या सहातल्या दोन ओळी काढून टाका. हाताने काढलेल्या रेषेत कोपऱ्यावर जादा ठिपका राहतो, तोच खडबड करतो. पिक्सेल स्टुडिओ ॲपमध्ये ‘पिक्सेल परफेक्ट’ चालू केलं की तो आपोआप गळतो.

रंग चार पुरेत. सावलीसाठी नारंगीत काळा मिसळला की फळ सडकं दिसतं. सावली लालसर तपकिरीकडे न्या, उजेड पिवळ्याकडे. आणि उजेड एकाच बाजूने. कडेने सगळीकडे गडद, मधे फिकट असं केलं की संत्र्याची उशी होते.

बोटाचं म्हणाल तर डॉटपिक्ट ॲपमध्ये कर्सर सरकवून बटणाने ठिपका टाकता येतो, बोट चित्रावर येतच नाही.

प्रश्न: झीरो माईलचा खांब आणि चारही घोडे ३२ × ३२ मध्ये बसतील?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर: बसतील, पण एकेका घोड्याच्या वाट्याला आठ-नऊ ठिपके येतील आणि चार पायांचं स्टूल होईल. ६४ × ६४ घ्या, नाहीतर एकच घोडा काढा. मान आणि पुढचा उचललेला पाय ठळक ठेवा, शेपटीला दोन ठिपके पुरतात.