बुधवार मोडू नकोस

ख्रिस्तात प्रिय बेटा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नाताळात चर्चच्या तरुण संघाची तुम्ही मुलं इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलच्या बाहेर पुरी-भाजीची पाकिटं वाटत होतात, तेवढ्यात एकाने विचारलं, "धर्म बदलवायला आलात का?" आणि तू गप्प राहिलीस. परत आल्यावर मंडळीच्या पंचांपैकी एकाने विचारलं, "किती जणांना सुवार्ता सांगितली?" तिथेही गप्प. आता मला विचारतेस की कोणाला काय सांगायला हवं होतं.

उत्तरांचं नंतर बघू. आधी मला हे सांग, 26 डिसेंबरला तिथे कोण गेलं होतं?

पत्रात त्याचा उल्लेख नाही. म्हणजे कोणीच गेलं नव्हतं. झाबुआ, धार, बडवानी, अलीराजपूरहून पेशंट घेऊन आलेली माणसं 26 लाही त्याच ओसरीत झोपलेली होती. त्या माणसाने तुम्हाला विचारलं ते याच हिशेबाने विचारलं. वर्षातून एकदा, स्वतःच्या सणाला, पाकिटावर बायबलच्या वचनाचं स्टिकर चिकटवून कोणी आलं, तर काहीतरी घ्यायलाच आला असेल असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं असतं.

तेव्हा एक वार धर आणि तो मोडू नकोस. बुधवार धर. शनिवार-रविवारी वाढदिवसाचे, पुण्यतिथीचे, संस्थांचे असे देणारे पुष्कळ असतात, कधी कधी अन्न उरतं. आठवड्याच्या मध्यात हात आखडतात. शिवाय रविवार आपल्या सोयीचा असतो. उपासनेनंतर चांगल्या कपड्यांत जाऊन वाटून येणं सोपं पडतं, म्हणून रविवार नकोच.

पहिल्या बुधवारी तुम्हाला कोणी ओळखणार नाही. दुसऱ्यांदा एखादी बाई म्हणेल, "तुम्ही त्या दिवशी आला होतात." पुढे तीही जाईल, कारण पेशंट बरा होऊन किंवा न होऊन घरी जातोच. मागे राहतात ते गेटवरचा गार्ड, आया, वॉर्डबॉय, सफाईवाल्या, चहावाला. तुमची साक्ष वर्षभर बघणारे खरे लोक हेच. तुम्ही पावसात येता की नाही, रांगेत शेवटी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याशी कसं बोलता, अन्न संपल्यावर कसं वागता, हे सगळं ते बघतात. तीन महिन्यांनी "कशाला येता हो?" असं विचारणारा बहुधा गार्डच असतो.

आता कामाचं. सुरुवातीला चार बुधवार काहीही न नेता नुसती जा. कोण किती वाजता काय देतं, कोणत्या वॉर्डाच्या बाहेर माणसं जास्त असतात, पाणी कुठे मिळतं, ते वहीत लिही. अधीक्षकांच्या ऑफिसात अर्ज दे, परवानगी लेखी घे, तिची झेरॉक्स पर्समध्ये ठेव. मग 40 माणसांपासून सुरू कर. 40 म्हणजे 40. पहिल्याच महिन्यात उत्साहाने 100 करशील आणि मेमध्ये परीक्षा, लग्नं, गावाला जाणं सुरू झालं की शून्यावर येशील.

मुगाची खिचडी कर. कांदा-लसूण घालू नकोस, म्हणजे जैन असो की कोणाचा नेम असो, कोणाला विचारावं लागत नाही. 40 जणांना तांदूळ 3 किलो, मूगडाळ दीड किलो, पाणी 18 लिटर, तेल 400 मिली, जिरं 50 ग्रॅम, हळद 25 ग्रॅम, हिंग. मीठ आधी 150 ग्रॅम घाल, शिजल्यावर चाखून वाढव. खारट झालेल्या 20 लिटर खिचडीला उपाय नाही. माणशी पाव लिटरचे दोन डाव बसतात. घरच्या शेगडीवर एवढं पातेलं नीट तापत नाही, मंडळीच्या स्वयंपाकघरातली भट्टीच हवी. पाणी उकळायलाच अर्धा तास जातो, म्हणून साडेचारला सुरुवात कर, सहाला उतरव.

चुकतं कुठे ते ऐक. खिचडी रस्त्यात आळते आणि गेटपर्यंत तिचा गोळा होतो. म्हणून थर्मासमध्ये 3 लिटर उकळतं पाणी वेगळं ने. तळ लागला तर खरवडू नकोस, वरची खिचडी अलगद दुसऱ्या भांड्यात काढ, नाहीतर करपल्याचा वास सगळीकडे जातो. भरलेलं पातेलं रिक्षात कलंडतं, तेव्हा कडी लागणाऱ्या दोन स्टीलच्या डब्यांत वाटून ने. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुपारी शिजवून संध्याकाळी वाटायचं नाही. भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. अन्न कोमट राहिलं की ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. अन्न 60 अंशांच्या वर गरम राहायला हवं, तसं राहत नसेल तर दोन तासांच्या आत आणि मे महिन्यात एका तासात पोटात जायला हवं. आजारी माणसाच्या नातेवाईकाला उलट्या सुरू झाल्या तर तुझ्या प्रेमाचा काय उपयोग? पेशंटला मात्र काहीही देऊ नकोस, त्याचं पथ्य तुला माहीत नसतं. गोळी तर कोणालाच नाही, डोकेदुखीचीसुद्धा नाही.

ताटल्या स्टीलच्या ने, नाहीतर लोकांना आपापला डबा आणायला सांग. कचऱ्यासाठी ओल्या-सुक्याच्या दोन पिशव्या सोबत असू देत आणि जाताना जागा आली तशी करून जा. इंदूरात कचरा टाकून सेवा करणाऱ्याला कोणी दुसऱ्यांदा उभं करत नाही, आणि ते बरोबरच आहे.

चार जणांचं काम असेल तर यादीत आठ नावं हवीत. एकाला ताप येतो, एकाचा पेपर असतो, एकीला बघायला पाहुणे येतात. प्रत्येक कामाला दोन माणसं: दोन शिजवणारी, दोन नेणारी, दोन वाढणारी, दोन नुसती बोलणारी. पैसा 12 आठवड्यांचा आधी हातात असू दे, मग पहिली चूल पेटव. डिसेंबरात लोक भरभरून देतात. ते सगळं डिसेंबरात खर्च करू नकोस, जुलैसाठी ठेव. सियागंजच्या बाजारातून किराणा महिन्याचा एकदम आण. रंगपंचमी बुधवारी आली तर गेरच्या मिरवणुकीमुळे राजवाड्याकडचे रस्ते दुपारपर्यंत बंद असतात, सामान आदल्या दिवशीच घरात हवं. उपवासकाळ सुरू होतो तो राखेचा बुधवार तर दरवर्षी बुधवारीच येतो. त्या संध्याकाळच्या उपासनेची वेळ पाळकांना आत्ताच विचारून ठेव आणि दोन तुकड्या कर. 2024 चा नाताळ बुधवारी होता, पुढचा तसा 2030 ला येईल. त्या दिवशीही जायचं. बुधवार म्हणजे बुधवार.

खिचडी खरं तर निमित्त आहे. दोन बोलणारी माणसं म्हटलं ना, जास्त काम त्यांचं. गावाकडून आलेल्या माणसाला भुकेपेक्षा कागद जास्त छळतो. पर्ची कोणत्या खिडकीवर, तपासणीचा रिपोर्ट कुठे मिळतो, आयुष्मान कार्डावरचं नाव आधारशी जुळत नसेल तर कोणाकडे जायचं, हे त्याला कोणी हळू आवाजात समजावून सांगत नाही. बरोबर जा, रांगेत उभी राहा. एखादी बाई तीन दिवस आंघोळीला गेलेली नसते, कारण नवऱ्याच्या खाटेपाशी बसायला दुसरं कोणी नसतं. अर्धा तास तू बस. फोन चार्ज करायला एक्स्टेन्शन बोर्ड ने. लहान मुलांशी बोलताना मात्र कायम दोन मोठी माणसं हवीत, आणि कोणाच्या मुलाला गेटबाहेर न्यायचं नाही, चॉकलेट घ्यायलाही नाही.

सिस्टर राणी मरिया कॅथलिक नन होत्या, आपल्या पंथाच्या नव्हत्या, पण या भागात त्यांच्याइतकं शिकवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. उदयनगरकडे त्या काय करत होत्या? आदिवासी शेतकऱ्यांना बँकेचं कर्ज आणि सरकारी योजना मिळवून द्यायच्या, म्हणजे सावकाराच्या दारात जावं लागू नये. अर्ज, सही, शिक्का, पुन्हा अर्ज. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांचा खून झाला. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारणाऱ्याला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 ला इथे इंदूरात त्यांना 'धन्य' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, तेव्हा सगळ्यांनी बलिदानाबद्दल भाषणं केली. मला मात्र कोणाला तरी त्या अर्जांच्या फायली आठवाव्यात असं वाटत राहिलं. बलिदान एका दिवसाचं होतं, फायली वर्षानुवर्षांच्या होत्या.

आता त्या दोन प्रश्नांचं.

रस्त्यावरच्या माणसाला सांग, "नाही हो, जेवण द्यायला आलोय. पुढच्या बुधवारीही येऊ, तुम्हीही या." एवढंच. त्याच्याशी वाद घालू नकोस. आणि ताटासोबत प्रचाराची पत्रिका, वचनाचं स्टिकर, क्रूसाचं चित्र काही नको. आपल्या मध्य प्रदेशात धर्मांतराबाबत कायदा 1968 पासून आहे, 2021 ला नवा आला. त्यात प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तू, पैसा, नोकरी, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेत शिक्षण, इतकंच काय, दैवी कृपेचं आश्वासनही येतं. पण कायद्याच्या भीतीने पत्रिका सोडू नकोस. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. भुकेल्याच्या हातात ताट आणि पत्रिका एकत्र दिली की तो पत्रिकेला नाही म्हणू शकत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचं हो काय कामाचं? लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाले, एकच परत आला. बाकीचे नऊ कुठे आहेत असं प्रभूने विचारलं, पण त्यांचं बरेपण काढून घेतलं नाही.

पंचांना आकडा देऊ नकोस. "पुढच्या बुधवारी डाव धरायला या," म्हण. आले तर छान. नाही आले तर हा प्रश्न पुन्हा विचारणार नाहीत.

पण कोणी आपणहून विचारलं, "तुम्ही का येता?", तर मात्र गप्प राहायचं नाही. प्रेषित पेत्राने सांगितलंच आहे, विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. दोन वाक्यं पुरतात: "येशूने आम्हाला असं वागायला शिकवलं. आम्ही त्याचे आहोत." आणखी विचारलं तर आणखी सांग, नाही विचारलं तर थांब. मंडळीची भाषा वापरू नकोस. आपण 'तारण' म्हणतो, बाहेरच्या मराठी माणसाला त्यातून गहाण ठेवणं ऐकू येतं. निमाडी बाईला तर तेही नाही. साध्या हिंदीत, तिच्या शब्दांत बोल. कोणी प्रार्थना मागितली तर तिथेच, हळू, अर्ध्या मिनिटाची कर. "बरा होईल" असं वचन देऊ नकोस. तुझ्या हातात नाही ते देऊ नये. फोटो काढायचे नाहीत, नाव-नंबर लिहून घ्यायचे नाहीत.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य बोचलं. "तुमच्या पिढीने घाबरून तोंड बंद ठेवलं," असं तू लिहिलंस. घाबरलो होतो, हे मी नाकारत नाही. पण जे बोलत होते त्यांच्यापैकी किती जण पुढच्या आठवड्यात परत गेले, तेही एकदा मोज. आम्ही कमी बोललो याची मला खंत नाही. खंत मोडलेल्या वारांची आहे. आम्हीही नाताळात कांबळी वाटली आणि फेब्रुवारीत दार लावून घेतलं. पाकिटांत पत्रिका घातल्या आणि संख्या अहवालात लिहिल्या. उन्हाळा, मंडळीची निवडणूक, पंचांचं भांडण, दरवेळी कारण योग्य वाटायचं आणि दरवेळी तिकडे कोणीतरी वाट बघून परत गेलेलं असायचं. म्हणून मी एवढी मागे लागलेय. तुला ते भाषण वाटत असेल तर वाटू दे, पण बुधवार मोडू नकोस.

या बुधवारी सहाला मी गेटपाशी असेन. काही आणू नकोस, नुसती वही आण. 30 लिटरचं पातेलं माझ्याकडे आहे, पुढच्या महिन्यात घेऊन जा. त्याची एक कडी सैल झाली आहे, वापरण्याआधी रिव्हेट मारून घे.

तुझी,
काकू