मसाल्याचा धंदा, पावसाळा आणि "माझ्यातच दम नाही"

छोटा धंदा करणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनाला आली की पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं. "मॅडम, सुरवातीला इतका उत्साह होता, आता सकाळी उठून हात लावावासा वाटत नाही, माझ्यातच काही कमी आहे का?" मग ती शिवणकाम करणारी असो, मेस चालवणारा असो नाहीतर मोबाईल रिपेअरवाला पोरगा असो. यावर एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदलून.

सांगलीकडच्या एक ताई, चाळिशीच्या आसपास. घरून कांदा-लसूण मसाला, तिखट, हळद करून विकतात. हळदीचं तर गावच, त्यामुळे माल चांगलाच. लेबलवर एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्न सुरक्षा संस्थेचा) १४ आकडी नंबर वगैरे सगळं रीतसर. आल्या ऐन पावसाळ्यात, आणि बसल्या बसल्याच म्हणाल्या, "बंद करून टाकावं वाटतंय. मिस्टर पण म्हणतात, कशाला एवढी दगदग. बाकीच्या बायका कुठल्या कुठं गेल्या बघा की, माझ्यातच दम नाही."

आता असं कुणी म्हणालं की मी आधी धंद्याचं काहीच विचारत नाही. झोप, भूक, विनाकारण रडू येणं, जगण्यात अर्थ नाही असं मनात येतं का, हे सरळ विचारते. पीएचक्यू-९ म्हणून ९ प्रश्नांचा फॉर्म आहे, मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतो, तोही भरून घेतला. कारण खरंच डिप्रेशन असेल तर धंद्याच्या गप्पा मारून उपयोग नसतो, तिथं डॉक्टर लागतो (आणि लगेच कुणी भेटत नसेल तर सरकारची टेली-मानस लाईन आहे, १४४१६, कधीही लावा, फुकट आहे). ताईंचं तसं नव्हतं. लेकाच्या कॉलेजबद्दल बोलताना चेहरा खुलत होता, शेजारणीकडं हसत-खेळत जात होत्या, जेवण व्यवस्थित. फक्त मसाल्याचं नाव काढलं की खांदे पडायचे.

मग म्हटलं पुढच्या वेळी ऑर्डरची वही घेऊन या. वही म्हणजे जुनी डायरी, पानापानाला हळदीची बोटं उमटलेली. आम्ही दोघींनी बसून महिन्यांप्रमाणे मांडणी केली, किती किलो गेला एवढंच. मार्च ते मे आकडे भरभरून, जूनला घसरण, जुलै-ऑगस्ट जवळजवळ रिकामे. मागचं पान उलटलं तर आदल्या वर्षीही तेच! अहो, वर्षाचं तिखट लोक उन्हाळ्यातच करतात ना. ब्याडगी, संकेश्वरी मिरच्या आणायच्या, गच्चीवर कडक वाळवायच्या, देठं खुडायची, भाजायची, डंकावर कुटून आणायची, हे पावसात होतच नाही, मसाल्याला ओल लागली की जाळी धरते. म्हणजे गिऱ्हाईक पळालं नव्हतं, त्याच्या घरी बरणी भरलेली होती! आणि ताई रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅप उघडून ऑर्डर आलेली नाही हे बघायच्या आणि तो आकडा स्वतःला लावून घ्यायच्या, आज शून्य म्हणजे मी शून्य. दोन महिने रोज असं केल्यावर कुणाचं मन टिकेल हो.

वर रात्री अंथरुणात रील्स. पहाटे ४ ला उठा, झोकून द्या, हार मानू नका. या रील्सवर माझा राग आहे, स्पष्टच सांगते. दमलेल्या माणसाला त्या एवढंच सांगतात की दमलास तो तुझा दोष.

पण वहीतून दुसरी एक गोष्ट निघाली आणि माझ्या मते ती जास्त मोठी होती. मी विचारलं, सीझनमध्ये महिन्याला किती सुटतात? "सुटतात की. किराणा भरते, पोराची फी भरली." मग तुम्हाला किती? तर माझ्याकडं बघतच राहिल्या. हिशोबात मिरची होती, खोबरं, धणे, दगडफूल, कुटणावळ, पिशव्या, रिक्षाभाडं सगळं होतं, मिरची भाजताना ठसका लागेपर्यंत चुलीपुढं उभी राहणारी बाई तेवढी नव्हती. त्यात नणंद, जाऊबाई, मावससासू यांचा दोन-दोन किलो "घरचाच आहे की" म्हणून फुकट.

लिज्जत पापडाची गोष्ट ताईंना पाठ होती, १९५९ साली गिरगावात सात बायका, ८० रुपये उसने, वगैरे. मी म्हटलं त्यातलं एक तुम्ही सोडलं. तिथं पापड लाटणाऱ्या बहिणीला लाटलेल्या किलोवर मजुरी मिळते, आणि नफ्यातला वाटा वेगळा. तिच्या कामाला भाव आहे. तुमच्या कामाला तुम्हीच भाव लावलेला नाही, मग मन कशाच्या जोरावर उठणार?

तर ठरलं काय, किलोमागे स्वतःची मजुरी धरायची, ती ऑनलाईन वेगळ्या खात्यात टाकायची आणि त्याला किराण्यासाठी हात लावायचा नाही. मिस्टरांना एकदा सोबत बोलावलं, त्यांना हिशोब दाखवल्यावर ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "एवढं काम आहे होय हे." त्यानंतर निदान डिलिव्हरी ते करतात. नातेवाईकांचं अवघड होतं. "नाही" म्हणायची प्रॅक्टिस आम्ही माझ्या खोलीत केली, मी नणंद झाले, ताई हसून हसून बेजार. शेवटी एक वाक्य सापडलं, "वन्सं, तुम्हाला माझ्या खर्चाच्या भावात देते." नणंदबाईंनी तोंड वाकडं केलं म्हणे, पण पैसे देऊन नेला.

आणि पावसाळ्यासाठी रोज ११ ते १ काम, मूड असो नसो. उत्साह आला की काम करू म्हणत बसलं की तो येतच नाही. आमच्याकडं डिप्रेशनच्या उपचारातही हे वापरतात, आधी ठरल्या वेळी छोटी कृती, मन मागून येतं, आणि दमलेल्या माणसालाही हे लागू पडतं. त्या दोन तासात काय, तर जुन्या गिऱ्हाइकांना फोन, मसाला कसा लागला विचारायचं, विकायचं नाही. फोन करता करताच कळलं की श्रावणात उपवासाची भाजणी पाहिजे असते, मेतकूट पाहिजे असतं, कारळ्याची-जवसाची चटणी पाव किलोनं हवी असते. दिवाळीआधी चकलीची भाजणी आहेच. ११ च्या आधी व्हॉट्सअ‍ॅप बंद आणि १ नंतर धंद्याचं नावच काढायचं नाही, हेही सांगितलं. हे दुसरं त्यांना अजून नीट जमत नाही.

सगळं छान झालं असं नाही. मध्ये एकदा अख्खा आठवडा काही केलं नाही म्हणून फोन आला, आवाज रडवेला. म्हटलं ठीक आहे, उद्या ११ ला परत बसा.

यंदा पाऊस सुरू झाला तसा परत फोन. मला वाटलं परत तेच. तर पल्व्हरायझर (मसाला दळायचं मशीन) घ्यायचाय, सरकारच्या मुद्रा योजनेचं शिशु कर्ज ५० हजारांपर्यंत मिळतं, घेऊ का? मी म्हटलं ताई, कर्जाचं एखाद्या हिशोबाच्या माणसाला विचारा, मला एवढंच सांगा, जून ते ऑगस्ट हप्ता कुठून भरणार? म्हणाल्या, "भाजणीतनं. आणि नाहीच जमलं तर मे मधल्या कमाईतनंच तीन हप्ते बाजूला काढून ठेवीन की."